सेनानी लवचिक नसतो, धीराचा असतो

प्रश्न असा आहे: जोखमीच्या मोहिमांवर जाणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या 'रेझिलियन्स'ला, म्हणजे आघातातून सावरण्याच्या ताकदीला, 'लवचिकता' म्हणावं की 'कणखरपणा'?

लवचिकता अजिबात नको. भाषांतरित लेखांत हा शब्द इतका बोकाळलाय की वीट आला. मूळ लॅटिन 'रेसिलिरे' म्हणजे उसळून मागे येणं. 'लवचिकता' म्हणणाऱ्यांनी वाकणं तेवढं घेतलं आणि परत येणं सोडून दिलं. त्यासाठी मराठीत 'उभारी' आहे की! 'कणखरपणा' मात्र 'हार्डिनेस'साठी राखून ठेवा. कामाशी बांधिलकी, परिस्थिती आपल्या हातात आहे ही भावना आणि बदलाकडे आव्हान म्हणून बघणं, हे त्याचे तीन घटक मानसशास्त्रज्ञ सुझान कोबासा यांनी १९७९ साली मांडले.

पण खरा शब्द आहे 'धीर'. संस्कृत कोशांत त्याच्या दोन नोंदी सापडतात: एक 'धी'वरून, म्हणजे बुद्धिमान, दुसरी 'धृ'वरून, म्हणजे स्थिर, न ढळणारा. या दोन्हींची सरमिसळ करू नये असं व्युत्पत्तीवाले बजावतात. मला ते मुळीच पटत नाही. कालिदास 'कुमारसंभवा'त म्हणतो, 'विकारहेतौ सति विक्रियन्ते येषां न चेतांसि त एव धीराः'. मन ढळायला कारण समोर असतानाही ज्यांचं ढळत नाही, तेच धीर. इथे बुद्धी आणि स्थैर्य वेगळं काढून दाखवा! आणि मराठीची गंमत बघा, 'धरणे' हे क्रियापदही 'धृ'चंच; म्हणजे 'धीर धरा' म्हणताना तो धातू दोनदा येतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात नायक चार: धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त, धीरप्रशांत. स्वभाव चार तऱ्हेचे, पण 'धीर' चौघांतही पक्का. त्यात सेनापतीला जागा दिली आहे धीरोदात्तात. तरी कुणाही भारदस्त माणसाला 'धीरोदात्त' चिकटवतात; त्यातला 'धीर' कुणी वाचतच नाही.

धाडस ही निराळी गोष्ट. ब्रिटिश सैन्यातल्या बॉम्ब निकामी करणाऱ्यांवर १९८० च्या दशकात प्रयोग झाले. विजेच्या झटक्याची धास्ती ठेवून त्यांना बारीक फरक ओळखायला लावले, तेव्हा शौर्यपदक मिळालेल्यांच्या हृदयाचे ठोके इतरांपेक्षा कमी राहिले. कालिदासाची व्याख्याच ही, नाडीवर मोजलेली. अशा कामाला नुसता धाडसी माणूस नेमला तर तो घाई करतो, आणि तिथे घाई जिवावर बेतते.

लिहिताना क्रियापदही नीट निवडा. गोळीबार सुरू होताच आज्ञा देणाऱ्याचा आवाज चढला, सूचना तुटक झाल्या, तर त्याचा धीर 'सुटला'. महिनोन्‌महिने झोप अपुरी आणि सोबतचे जवान गमावत गेले, तर धीर 'खचतो'. सुटलेला धीर सरावाने आवरता येतो. खचलेल्याला आधी विश्रांती लागते, मग उभारी. दोन्हींना सरसकट 'लवचिकता कमी पडली' म्हटलं तर इलाजही चुकतो.