मंगळवारी रात्री दहाच्या आत

घोडबंदर रोडवर, डोंगराला पाठ लावून उभ्या असलेल्या एका सोसायटीतून वडिलांचं पत्र आलं आहे. प्रकरणात मुलं आहेत, म्हणून नाव देत नाही. १३, ११ आणि ९ वर्षांच्या तीन मुलांना गुरुवारी संध्याकाळी कंपाउंडच्या गटाराशी एक खवले मांजर (पँगोलिन) सापडलं. त्यांनी ते मीटर रूममागे, मोडक्या कूलरच्या सांगाड्यात लपवलं. शनिवारी दोन माणसं वॉचमनला विचारत आली, दोन लाख देतो म्हणाली. रविवारी त्यांतलाच एक ‘वनखात्यातून आलोय’ म्हणत परत आला. ना गणवेश, ना ओळखपत्र. मग मुलांनी घरी सांगितलं आणि रविवारी रात्री दहाच्या सुमाराला वडिलांनी जनावर उचलून स्वतःच्या बाल्कनीत ठेवलं. त्यांचे प्रश्न असे: मुलांवर केस होईल का? येत्या शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा कळवलं तर चालेल का? आणि सेक्रेटरी म्हणतात तसं रात्री गुपचूप येऊरच्या जंगलात सोडून दिलं तर?

पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. शनिवारपर्यंत थांबायला तुमच्याकडे वेळच नव्हता, म्हणून तुम्हाला लगेच फोन केला. त्यावर जे बोललो तेच इथे सविस्तर लिहितो, कारण पोपट, कासव, घुबडाचं पिल्लू घरात ठेवून ‘आता काय करू’ विचारणारी पत्रं सारखी येत असतात आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते.

ते ठिकाण म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम ३९. पकडलेला किंवा बंदिस्त ठेवलेला वन्य प्राणी सरकारी मालमत्ता होतो. ती कोणत्याही मार्गाने ताब्यात आली, तरी ताबा मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितल्यास हवाली करायची. ‘कोणत्याही मार्गाने’ म्हटल्यावर वाचवण्यासाठी उचललं, मुलांनी आणलं, दया आली, हे सगळं त्यात आलं. हेतू चांगला होता हे नंतर सांगता येतं, पण मुदत त्यासाठी थांबत नाही.

मुदत कधीपासून मोजायची, इथे मात्र वाद आहे. मुलांना सापडलं गुरुवारी. तिथून मोजलं तर ४८ तास शनिवारी संध्याकाळीच संपले. पण तुमचा ताबा सुरू झाला रविवारी रात्री, बाल्कनीत आणलंत तेव्हा. तुमचा वकील म्हणून मी दुसरीच बाजू मांडेन आणि ती टिकण्याजोगी आहे. न्यायालय मानेलच, अशी हमी मात्र देत नाही. दुसऱ्या हिशोबाने तुमची मुदत मंगळवारी रात्री दहाला संपते. दोन दिवस सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा करण्यापेक्षा १९२६ हा वनखात्याचा नंबर फिरवायला दोन मिनिटं लागली असती!

मुदत टळली असती तरी मी कळवाच म्हटलं असतं. उशिरा कळवणाऱ्याला उशिराचं कारण सांगता येतं. लपवणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. आणि कलम ५७ प्रमाणे ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा असल्याचं गृहीत धरतात, तसा नाही हे तुम्हालाच दाखवावं लागतं. खवले मांजर याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये.

आता त्या वहीचं. मोठ्या मुलाने ट्युशनच्या वहीच्या मागच्या पानावर पहाऱ्याच्या पाळ्या लिहून ठेवल्यात: कोण किती ते किती, कोणी काय खायला घातलं, ‘शनि. दोन काका आले, आम्ही पोतं टाकलं’. तुम्ही विचारता, हे पान फाडून टाकू का. अजिबात नाही. त्या पानावर गुरुवारची तारीख आहे, म्हणून ते तुम्हाला नडू शकतं, कबूल. पण मुलांनी विकायला नव्हे, वाचवायला ठेवलं होतं आणि मागणारे तेव्हाच येऊन गेले होते, हे सांगणारा दुसरा कागद तुमच्याकडे नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो, तो फुकटचा ओढवून घेऊ नका. तारखेवर खाडाखोड करू नका आणि मुलांकडून काही घोकून घेऊ नका.

मुलांची तुम्हाला वाटते तेवढी काळजी मला वाटत नाही. ७ ते १२ वयाच्या मुलाला कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २१ नुसार तो गुन्हाच नाही. मोठा १३ चा आहे, तरी त्याचंही जे काही होईल ते बाल न्याय मंडळापुढे, लॉकअप नाही. बहुधा तिघंही साक्षीदारच राहतील. १५ वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घ्यावा लागतो. हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर पडलेला, मुलांचे चेहरे दिसणारा व्हिडिओ आजच काढायला लावा, पण मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या.

सेक्रेटरींचा सल्ला ऐकू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. रात्री परवानगीशिवाय आत शिरणं हाच गुन्हा. शिवाय वॉचमन, सीसीटीव्ही, व्हिडिओ, वही, सगळे सांगतील की प्राणी तुमच्याकडे होता. तो गेला कुठे, याचा एकही कागद नसेल. हवाली करताना पंचनाम्याची प्रत किंवा निदान सही-शिक्क्याची पोच घ्या. तोवर मेलं, तर पुरू नका. मेलेलंही सरकारचंच आणि तेही कळवावंच लागतं. दूध-पाव ताबडतोब बंद करा. त्याला दात नसतात, ते मुंग्या आणि वाळवीवर जगतं. अंधारात शांत ठेवा.

त्या दोन माणसांशी भाव करायला जाऊ नका, ‘पकडून देतो’ म्हणूनही नाही. खरेदीचा प्रयत्न कलम ५२ प्रमाणे गुन्ह्यातच मोडतो आणि वनखात्याचा माणूस असल्याची बतावणी हा न्याय संहितेच्या कलम २०४ चा गुन्हा, त्यामुळे तक्रारीत दोन्ही लिहा. पुन्हा आले तर ११२. शनिवार-रविवारचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवण्याचं पत्र सेक्रेटरींना आजच लेखी द्या. काही दिवसांत त्यावर नवीन चढतं आणि मग कोणी हळहळून उपयोग नाही.

पंचनाम्याची प्रत रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवा. आपल्या न्यायालयांचा वेग पाहता मोठ्याचं साक्षीचं समन्स त्याच्या बारावीच्या परीक्षेच्या आसपास येईल. ते आलं की तारीख बदलून मिळावी म्हणून आधीच अर्ज करा, नुसतं गैरहजर राहू नका, वॉरंट निघतं.