पटावर किती, आणि त्यातली आपली किती?

प्रश्न : ताई, मी गेली नऊ वर्षं न्यू जर्सीत आहे, माहेर सांगलीचं. आमची चिऊ सहा वर्षांची, ऑटिझमचं निदान चौथ्या वर्षी झालं. दोन वर्षं ती आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्याच (इथल्या भागाच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) शाळेत छोट्या वर्गात जात होती, आता चाइल्ड स्टडी टीम (अशा मुलांना तपासून त्यांचं शिक्षण ठरवणारी शाळेची माणसं) म्हणतेय की तिला एका वेगळ्या सरकारी स्पेशल एज्युकेशन प्रायमरी शाळेत पाठवू. शाळा अगदी छोटी आहे, साठेक मुलं असतील. मी रात्री बसून त्या शाळेचे सगळे आकडे शोधून काढले आणि आता झोप उडालीय. जवळजवळ सगळे मुलगेच, मुली हाताच्या बोटावर. एशियनच्या रकान्यात आकडाच नाही, नुसती चांदणी (*). इयत्ता विचारली तर बऱ्याच मुलांच्या पुढे 'इयत्ता नाही' असं. आणि मागच्या तीन वर्षांत पट कमी कमी होत आलाय, म्हणजे लोक मुलं काढून घेतायत का? नवरा म्हणतो आकड्यांवर काय जातेस, आणि सासूबाई फोनवर म्हणतात 'तसल्या' शाळेत घातलंत तर पोरगी कायमची तसलीच राहील. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी, सासूबाईंशी या विषयावर फोनवर वाद घालू नका, त्या आल्या की शाळाच दाखवा. आता आकडे.

साठ मुलांच्या शाळेत एक मूल म्हणजे पावणेदोन टक्के. एका घराने गाव बदललं, दोन भावंडं गेली, की तुमच्या त्या रंगीत तक्त्यातली पट्टी एकदम खाली. मोठ्या शाळेत पाचशे-सातशे मुलं असतात तिथे टक्केवारीला काहीतरी अर्थ असतो, इथे टक्के बघूच नका, माणसं मोजा. आणि पट कमी होतोय म्हणजे शाळा वाईट हे तर अजिबातच धरू नका. नेहमीच्या शाळेचा पट घटला की आपण म्हणतो लोकांचा विश्वास उडाला, पण इथे उलटंही असू शकतं, मुलं तयार होऊन आपापल्या गल्लीतल्या शाळेत परत गेली म्हणून पट घटला. किंवा डिस्ट्रिक्टांनी स्वतःकडेच वर्ग सुरू केले. कुठलं खरं ते तक्ता सांगणार नाही, मुख्याध्यापिका सांगेल, म्हणून तिला सरळ विचारा की मागच्या तीन वर्षांत इथून किती मुलं साध्या शाळेत परत गेली. या प्रश्नावर जर ती गडबडली तर मात्र मी सावध होईन.

ही चांदणी. ती लपवाछपवी नाही हो. 1974 चा अमेरिकन कायदा आहे, विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवायचा, आणि त्यामुळे एखाद्या गटात अगदी थोडी मुलं असली, साधारण दहाच्या आत, की आकडा झाकतात. कारण शाळेत तीनच एशियन मुलं आणि त्यांची माहिती छापली तर ती कोणाची हे सगळ्या गावाला कळणार. कधीकधी शेजारचा चांगला मोठा आकडाही झाकलेला दिसतो, तो एवढ्यासाठी की एकूणातून वजाबाकी करून कोणी पहिला शोधू नये. म्हणजे चांदणी आहे याचा अर्थ तिथे एशियन मुलं बहुधा आहेत, थोडी आहेत इतकंच.

थोडी का आहेत, हे जरा सविस्तर लिहिते, कारण हे मला स्वतःला फार टोचतं. अमेरिकेत सरकारी शाळांतल्या साधारण 15 टक्के मुलांना स्पेशल एज्युकेशनच्या सेवा मिळतात, 2022-23 साली अशी जवळपास 75 लाख मुलं होती. पण एशियन मुलांमधे हेच प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास असतं, सगळ्यात कमी. आता आपल्या मुलांना अडचणीच कमी असतात असं म्हणणारे लोक भेटतात मला, मी त्यांच्याशी सहमत नाही. आपल्याकडे 'बाबा पण उशिराच बोलला होता', 'घरात मराठी बाहेर इंग्लिश म्हणून गोंधळतोय', असं म्हणत दोन वर्षं जातात, आणि मग लोकांना कळू नये म्हणून अजून एक. गणेशोत्सवाला मंडळात हजार माणसं येतात आणि अशी मुलं तिथे दिसतच नाहीत, ती घरी असतात, एक पालक त्यांच्याबरोबर घरी. चिऊचं निदान चौथ्या वर्षी झालं, तुम्ही खूप जणांच्या पुढे आहात. आणि हो, दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, बोलणं थांबत नाही. तिच्याशी मराठी बोला, आजीशी बोलायला तिला तीच लागणार आहे.

दुसऱ्या बाजूलाही घोळ झालेले आहेत. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता इंग्रजीत तपासली आणि त्यांना 'मंदबुद्धी'च्या वर्गात बसवलं, ती केस 1970 मधली. त्यांना स्पॅनिशमधे परत तपासल्यावर बहुतेक मुलं त्या वर्गाची नव्हतीच. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या काळ्या मुलांचा निकाल 1979 मधे, तोच मुद्दा, बुद्ध्यांकाच्या चाचणीवर त्यांची भरती त्या वर्गांमधे. म्हणून आता कायद्यातच आहे की शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेत व्हायला पाहिजे, आणि मीटिंगमधे पालकांना समजेना तर दुभाषा शाळेने आणायचा. तुमचं इंग्लिश उत्तम असेल, पण चिऊ घरी मराठीतच बोलत असेल तर तिची भाषेची चाचणी कुठल्या भाषेत झाली हे रिपोर्टमधे जाऊन बघा. मराठी येणारा तपासनीस सहज मिळत नाही हे मला माहितीये, तरी निदान घरी ती मराठीत काय काय बोलते ते लिहून द्या आणि रिपोर्टला जोडायला लावा.

मुलगे जास्त का, हे तर सरळ आहे. ऑटिझमचं निदान मुलग्यांमधे मुलींच्या तिपटीहून जास्त, आणि एकूणातही सगळ्या मुलग्यांतले 18 टक्के स्पेशल एज्युकेशनमधे, तर मुलींतल्या 10 टक्के, असं काहीसं. मुली गप्प बसतात, दुसऱ्यांची नक्कल करतात, त्यामुळे सुटून जातात. म्हणजे चिऊच्या वर्गात सहा मुलं असतील तर पाच मुलगे, कदाचित ती एकटीच मुलगी. मला विचाराल तर सगळ्या तक्त्यात हा एकच आकडा आहे ज्याची काळजी करावी, आणि तीसुद्धा टक्केवारीची नाही, रोजची. टॉयलेटला कोण नेणार, ती व्यक्ती बाईच असेल का, सुट्टीत तिच्यासोबत खेळायला दुसऱ्या वर्गातल्या मुलींना आणतात का. हे तिघी-चौघी मुली असलेल्या वर्गात आपोआप होतं, इथे मागून घ्यावं लागतं, आणि मागितलेलं आयईपीमधे, म्हणजे तिच्या शिक्षणाच्या लेखी आराखड्यात, लिहून घ्यावं लागतं. तोंडी 'शुअर, शुअर' म्हणतात.

'इयत्ता नाही' हे बघून घाबरलात ना. सरकारी आकडेवारीत असा वेगळा रकानाच आहे. वय सहा, वाचन चार वर्षांचं, गणित सात वर्षांचं अशा मुलीला पहिली म्हणायचं की काय, म्हणून काही शाळा इयत्ताच लावत नाहीत. पण विचारा मात्र, की अभ्यासक्रम राज्याचाच आहे का.

विद्यार्थी आणि शिक्षक यांचं प्रमाण बघितलं असेलच, चार-पाचाला एक वगैरे दिसतं. त्यात फक्त शिक्षक धरतात, वर्गातल्या एड (मदतनीस), स्पीच थेरपीवाल्या, ऑक्युपेशनल थेरपीवाल्या त्यात येत नाहीत, त्यामुळे खरी मोठी माणसं किती ते कळतच नाही. शेजारच्या न्यू यॉर्कमधे बरं आहे, वर्गाचं नावच आकड्यात, 6:1:1 म्हणजे सहा मुलं एक शिक्षिका एक पॅरा (मदतनीस), 12:1:4 म्हणजे बारा मुलांना एक शिक्षिका आणि चार मदतनीस. तुम्ही पण तसंच विचारा, शाळेचं राहू दे, *चिऊच्या* वर्गात किती मुलं, किती मोठी माणसं, आणि त्यातली कितीजणं मागच्या सप्टेंबरपासून टिकून आहेत. आणि मोफत जेवणाच्या आकड्यावरून 'गरिबांची शाळा' ठरवू नका, हल्ली कित्येक ठिकाणी घरचं उत्पन्न न बघता सगळ्यांनाच मोफत देतात, तिथे त्या आकड्यावरून घरच्या परिस्थितीचा काही पत्ता लागत नाही.

हे सगळं झालं, पण मी तुमच्या जागी असते तर पटाच्या आधी एक दुसराच प्रश्न विचारला असता. वेगळी शाळाच का? 1975 च्या आधी या देशात दहा लाखांहून जास्त अपंग मुलं सरकारी शाळेच्या पूर्ण बाहेर होती, म्हणून त्या वर्षी अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा आला, आणि त्यात सुरुवातीपासून आहे की जास्तीत जास्त साध्या मुलांबरोबर शिकवायचं, मदत देऊनही जमलं नाही तरच वेगळं काढायचं. आज सेवा घेणारी दर तीन मुलांतली दोन दिवसाचा 80 टक्के किंवा जास्त वेळ साध्या वर्गात असतात, वेगळ्या शाळेत शंभरातली दोन-तीनच, आणि न्यू जर्सी वेगळं काढण्यात इतर राज्यांच्या पुढे आहे. म्हणजे टीमने तुम्हाला सांगायला पाहिजे की चिऊला इथे काय काय देऊन बघितलं, आणि ते का पुरलं नाही. कधी उत्तर खरंच पटतं. गोंगाटाने मुलगी दिवसभर कान दाबून बसत असेल तर छोटी शाळा तिच्यासाठी सुटका असते, मी अशी मुलं पाहिलीत, दोन महिन्यात जेवायला लागतात. आणि कधी उत्तर असं असतं की आमच्याकडे माणूस नाही. ते उत्तर चालत नाही.

लेखी नोटीस आली की तुमच्या राज्यात हरकत घ्यायला 15 दिवस असतात, ते असेच जाऊ देऊ नका. त्या मुदतीत मेडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (रीतसर सुनावणी) मागितलंत तर वाद मिटेपर्यंत ती आहे त्याच वर्गात राहते. आणि पाठवायचं ठरलं तरी ते कायमचं नसतं, आयईपी दर वर्षी होते, सासूबाईंना हे सांगा.

प्रश्न : ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. नातू नऊ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, बसता येतं पण चालता येत नाही, बोललेलं सगळं कळतं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर त्याचं नाव आहे पण तो जात नाही. गुरुजी म्हणतात काका नाव राहू द्या, आणायची गरज नाही. असं चालतं का?

उत्तर : काका, चालतं असं नाही, चालवून घेतात. पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात, संचमान्यता म्हणतात ती, त्यामुळे छोट्या शाळेला एकेक नाव प्यारं असतं. 2011 ची पटपडताळणी तुम्हाला आठवत असेल, तेव्हा बोगस नावं शोधत फिरले होते. तुमच्या नातवाचं नाव बोगस नाहीये, मूल खरं आहे, शाळेचीच पावलं त्याच्याकडे वळलेली नाहीत.

तुम्ही गट साधन केंद्रात जा, तालुक्याला असतं. तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटून लेखी अर्ज द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. तीव्र अपंगत्व असेल तर घरी येऊन शिकवणं मागता येतं, 2012 पासून तशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण मी तुम्हाला घरचं शिक्षण लगेच मागू नका असं सांगेन. त्याला कळतं सगळं, तुम्हीच लिहिलंय. आधी मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता मागा, शाळेला रॅम्प आहे का बघा, आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर ते काढा, त्याशिवाय पुढे सगळीकडे अडतं.

विशेष शाळेचा विचार केलात तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे त्या शाळा अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे असतात, कर्णबधिर, अंध, मतिमंद. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, आता 21 आहेत, पण शाळांच्या पाट्या जुन्याच. त्यामुळे चालता न येणारं हुशार पोर मतिमंदांच्या पटावर गेलेलं मी पाहिलंय. शिकवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का तेही विचारा, लाजू नका. आणि शाळा बघायला जाल तेव्हा सांगून जाऊ नका, असंच कुठल्यातरी मंगळवारी अकरा वाजता जा, आणि फळ्यावर लिहिलेल्या पटाऐवजी चपला मोजा.

प्रश्न : अमेरिकेत शाळेच्या फॉर्मवर वंश विचारतात, मी तो रकाना रिकामा सोडला तर चालेल का? मला माझ्या मुलाला कुठल्या खोक्यात टाकायचं नाहीये.

उत्तर : सोडू शकता, पण मग शाळेतलं कोणीतरी तुमच्या मुलाकडे बघून स्वतः भरतं, शाळांना तशी सूचनाच आहे. त्यापेक्षा आपणच भरलेलं बरं. एशियनमधे आपण, चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो सगळे एकाच खोक्यात, त्यामुळे वरच्या चिऊच्या आईला जी चांदणी दिसली ती मराठी आहे की मँडरिन हे तिला कधी कळणार नाही. त्यासाठी शाळेच्या गेटवर उभं राहून बसमधून कोण उतरतंय ते बघावं लागेल, आणि मी तरी तेच करते.