लेक 'वेलनेस वीक' भरवते आणि स्वतः चार तास झोपते

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे त्यामुळे सगळं देत नाही. मुद्दा एवढा की लेक वेस्टर्न लाईनवरच्या एका कॉलेजात एसवाय बीएएफला (अकाउंटिंग-फायनान्सच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला) आहे, पहिल्या वर्षी मार्क बरे होते, मग फेस्टच्या कमिटीत शिरली, ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत घरी यायला रोज दहा-साडेदहा, तिसऱ्या सेमला कॉस्टिंगमध्ये केटी लागली म्हणजे पेपर राहिला, आणि फेस्ट संपला म्हणून घरच्यांनी हुश्श केलं तर आता कॉलेजने मुलांसाठी 'वेलनेस वीक' काढलाय आणि त्याचंही काम हिच्याच गळ्यात. बाबा म्हणतात बंद कर हे सगळं आणि सीएचं बघ. ती म्हणते मला सीए नकोच, मी इव्हेंट मॅनेजमेंट करीन नाहीतर वेलनेस कोचचा एक कोर्स आहे तो करीन, फी दीड लाख. ताईंचा प्रश्न एका ओळीचा आहे, "मी हे सगळं बंद करू का?"

ताई, बंद करू नका, पण जसं चाललंय तसंही चालू देऊ नका. कसं ते सांगते, त्याआधी तुमच्याच पत्रातल्या एका गोष्टीकडे परत जाऊया.

तिसऱ्या पानावर तुम्ही रागाने लिहिलंय की तिच्या बॅगेत अभ्यासाच्या वह्यांऐवजी एक लांबट हिशेबाची वही सापडली. त्यात तुम्ही काय काय वाचलंत तेही लिहिलंय, साऊंडवाल्याचा ॲडव्हान्स, फ्लेक्स, पाण्याचे २४ बॉक्स, व्हॉलंटियरसाठी १४० वडापाव, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख, पैसे कोणाला दिले, बिल आहे की नाही. तुम्ही हे पुरावा म्हणून पाठवलंत की बघा पोरगी कशात वेळ घालवते. मी ते दोनदा वाचलं. ताई, वीस वर्षांची मुलगी, कोणी शिकवलं नाही, कोणी मागितलं नाही, तरी "बिल आहे का" असा वेगळा रकाना आखते. कमिटीत चाळीस मुलं असतील तर असा रकाना आखणारं एखादंच असतं, बाकीचे डीजे नाईटच्या पासेसच्या मागे. करिअरचा धागा मला 'इव्हेंट मॅनेजमेंट' या शब्दापेक्षा त्या रकान्यात जास्त दिसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग कॉस्टिंगलाच केटी कशी? त्याचं उत्तरही तुमच्याच पत्रात आहे. कॉस्टिंगचं लेक्चर सकाळी सव्वासातचं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, मग पुढे, म्हणजे घरून पाचला निघायला हवं, पावणेपाचला उठायला हवं. रात्री साडेदहाला घरी, जेवण, मग कमिटीच्या ग्रुपवर साडेबारापर्यंत टिंगटिंग. चार तास झोप झाली. अशी मुलगी पहिलं लेक्चर बुडवणारच, आणि बुडवलेल्या लेक्चरची हजेरी कमिटीच्या लेटरवर मिळते, ७५ टक्के भरतात, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येत नाही, म्हणून घरी कळतही नाही. हजेरी मिळते पण प्रोसेस कॉस्टिंग कोण समजावणार? बाकीच्या पेपरात ६० च्या वर आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे डोकं ठीक आहे, टाईमटेबल बिघडलंय.

फेस्टबद्दल पालकांमध्ये दोन टोकं दिसतात मला. एक, हा नुसता धिंगाणा. दुसरं, आमच्या पोराने फेस्ट केला आता त्याला कंपन्या उचलून नेतील. दोन्ही खरं नाही. मुंबईत ही परंपरा जुनी आहे, आयआयटीचा मूड इंडिगो १९७१ पासून, झेवियर्सचा मल्हार १९७९ पासून, त्यानंतर तर गल्लोगल्ली फेस्ट झाले. त्यामुळे दर वर्षी या शहरातून हजारो मुलं सीव्हीवर 'कोअर कमिटी मेंबर' लिहून बाहेर पडतात आणि मुलाखत घेणारा ती ओळ वाचतसुद्धा नाही, कारण बरेचदा त्याने स्वतःही तेच केलेलं असतं. तो विचारतो, तू नक्की काय केलंस? तिथे निम्मी मुलं गारठतात. "आम्ही टीम म्हणून खूप शिकलो" वगैरे सुरू होतं. तुमची मुलगी तिथे सांगू शकते की बजेट एवढं होतं, खर्च एवढा झाला, इतक्या रकमेची बिलं नव्हती म्हणून पुढच्या वेळी आम्ही ॲडव्हान्सची पद्धत अशी बदलली. हे उत्तर विकलं जातं. पण ते आकडे आत्ताच एका पानावर लिहून ठेवायला सांगा, टीवायच्या म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्लेसमेंटपर्यंत काही आठवत नाही, वही हरवते.

(मीही बॅकस्टेजवालीच, म्हणून जरा जास्त बोलतेय. युनिव्हर्सिटीच्या युवा महोत्सवात आमच्या एकांकिकेची पत्र्याची ट्रंक हार्बरच्या लगेज डब्यातून मी नेली होती, मच्छीवाल्या मावशींनी तिच्यावर टोपल्या ठेवल्या आणि स्टेजवर नायिका ट्रंक उघडून रडली ते खऱ्या वासाने. बक्षीस नाही मिळालं. पण वेळेवर वस्तू जागेवर पोचवायचा माझा पिंड आहे हे मला तिथे कळलं, लेक्चरला नाही कळलं.)

आता वेलनेस वीक. झुम्बा, मंडला आर्ट, कुत्र्यांना कुरवाळायचं सेशन, एक भिंत जिथे मुलांनी चिकट कागदावर मनातलं लिहायचं, शेवटच्या दिवशी रील. मी याला नावं ठेवत नाही, त्या निमित्ताने 'मला बरं वाटत नाहीये' हे वाक्य तरी कॉलेजात उघडपणे बोललं जातं, आमच्या वेळी तेवढंही नव्हतं. फक्त मला हसू येतं आणि मग येत नाही, की हा सगळा आठवडा उभा करणारी पोरं स्वतः झोपलेली नसतात. मुलांच्या तब्येतीच्या कार्यक्रमाचं परमिशन लेटर रात्री दीड वाजता टाईप होतं.

खरी सोय कुठे असते सांगू? मी काही वर्षं दर बुधवारी एका कॉलेजात समुपदेशक म्हणून बसायचे. खोली जिमखान्याला लागून, मध्ये नुसतं प्लायवूड, पलीकडे दिवसभर टेबलटेनिसची टकटक. मी तक्रार केली, खोली बदलून द्या, कोणी दिली नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की ही टकटकच कामाची आहे. काउन्सेलिंग सेलची पाटी बघून आत शिरायला मुलं लाजतात, पण टीटी खेळायला आलोय म्हणून कोणीही येऊ शकतं. एक मुलगा तर सहा आठवडे हातात रॅकेट घेऊन यायचा, माझ्यासमोर टेबलावर ती ठेवायचा, बोलायचा आणि उचलून निघायचा. खेळताना मी त्याला कधीच बघितलं नाही.

तर लेकीला विचारा, तुझ्या वेलनेस वीकमध्ये समुपदेशकाची खोली कुठे आहे, वार कोणता, वेळ काय, हे कुठल्या पोस्टरवर लिहिलंय का? नसेल तर तेवढं एक काम तिने करावं, झुम्बापेक्षा ते जास्त टिकेल. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये ज्या गाईडलाईन्स दिल्या त्यात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवा असं आहे, म्हणजे "आमच्याकडे तसं कोणी नाही" हे उत्तर प्रिन्सिपलनाही आता देता येत नाही. पोस्टरवर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबरही टाकावा, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि पहिली अपॉइंटमेंट तिनेच घ्यावी. तुम्ही लिहिलंय की ती हल्ली जेवताना रडते आणि कारण विचारलं की "काही नाही, थकलेय" म्हणते. ती थकलेलीच असेल, पण महिनाभर रोज रडू येत असेल तर ते नुसत्या दमणुकीवर सोडून देऊ नये.

दीड लाखाच्या वेलनेस कोचच्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, भरू नका. त्या सर्टिफिकेटने ना हॉस्पिटलात उभं राहता येतं ना कॉलेजात समुपदेशक होता येतं. तिला खरंच माणसांच्या मनाचं काम करायचं असेल तर रस्ता लांबचा आहे, मानसशास्त्रात एमए, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्यापुढचं प्रशिक्षण आणि आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, जे कॉमर्सची पदवी घेऊनही करता येतं, मुंबईत देवनारला टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, चर्चगेटला निर्मला निकेतन आहे. तिला सांगा, एमएसडब्ल्यू करणाऱ्या कोणाशी तरी जाऊन बोल, त्यांचं फील्डवर्क कसं असतं ऐक, वस्तीतल्या घराघरांत जाणं, रजिस्टर भरणं, सरकारी ऑफिसात थांबणं. त्यानंतरही डोळे चमकले तर बघू. माझा अंदाज, तिला वेलनेस आवडतंय कारण सध्या ते तिच्याकडे नाहीये.

आणि बाबांना सीएबद्दल एक सांगा. आत्ता लगेच भांडायची गरज नाही. कॉमर्स ग्रॅज्युएटला पदवीला ५५ टक्के असले की सीएची पहिली परीक्षा फाउंडेशन न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला रजिस्टर करता येतं. म्हणजे हा दरवाजा टीवायनंतरही उघडा राहतो, अट एकच, ५५ च्या खाली जायचं नाही आणि केटी साठवायच्या नाहीत. बाबांना हवं ते आणि लेकीला हवं ते, दोघांचं पुढच्या वर्षभराचं काम एकच आहे, आधी कॉस्टिंग काढ. कॉन्सर्ट असो, मॅरेथॉन असो, नाटकाचा दौरा असो, पडद्यामागे पैशांचा हिशेब ठेवणारा माणूस लागतोच आणि तो नेहमी कमी पडतो, कारण इव्हेंटवाल्यांना हिशेब नको असतो आणि हिशेबवाल्यांना रात्री मैदानात उभं राहायचं नसतं. तुमच्या मुलीला दोन्ही जमतंय असं दिसतं. मे महिन्यात एखाद्या सीए फर्ममध्ये आणि पुढच्या सुट्टीत एखाद्या इव्हेंट कंपनीच्या अकाउंट्सला, असं दोन्हीकडे बसून बघू दे. मग तीच ठरवेल.

घरात काय करायचं ते. वेलनेस वीक आता हातात घेतलाय तर पुरा करू दे, मधे सोडायला लावलंत तर ती तुमच्याशी बोलणं सोडेल आणि कमिटीतही तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण त्यानंतर सेम संपेपर्यंत नवीन काही नाही, हे तिने स्वतः कमिटीच्या सरांना सांगायचं, तुम्ही फोन करायचा नाही. रात्री अकरानंतर फोन हॉलमध्ये चार्जिंगला. बाबांचाही. हे बाबांना आवडणार नाही, माहितीये मला. पुढच्या वर्षी फेस्ट करायचाच असेल तर एकच डिपार्टमेंट, फायनान्स, आणि सव्वासातचं लेक्चर बुडवायचं नाही, त्यासाठी आठवड्यातले दोन दिवस कॉलेजजवळ एखाद्या मैत्रिणीकडे किंवा मावशीकडे राहायची सोय होते का बघा. डोंबिवली ते अंधेरी रोज दोन वेळा करून अभ्यास आणि कमिटी दोन्ही सांभाळणं हे लिहायला सोपं आहे, एकदा सकाळी पाचला तिच्याबरोबर निघून बघा, खरंच सांगते.

शेवटचं आणि हे आजच करा. त्या वहीत दोन ओळींना लाल गोल करून पुढे 'माझे ३२००' लिहिलंय असं तुम्ही म्हणता. म्हणजे कार्यक्रम अडू नये म्हणून पोरीने खिशातले पैसे घातलेत, बहुतेक तुम्ही रेल्वेच्या पाससाठी दिलेले, आणि डिसेंबर उलटला तरी ते परत मिळालेले नाहीत. हे तिला ओरडून विचारू नका, "तुझे पैसे अडकलेत का गं?" असं विचारा. फेस्टचे हिशेब बंद व्हायच्या आत तिने खजिनदार सरांकडे लेखी अर्ज द्यायचा, सोबत बिलं जोडायची आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्यायची. आणि बिलांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवायला सांगा, बिलाच्या मशीनमधल्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि मग हातात नुसती पांढरी पट्टी राहते.