रिकामी चौकट आणि चुकलेली बेरीज

प्रश्न : मी अ‍ॅक्रोबॅटमध्ये तयार केलेल्या पीडीएफ अर्जात तीन रकमा, त्यांची 'एकूण' आणि पहिल्या रकमेची टक्केवारी अशा चौकटी आहेत. पहिली रक्कम रिकामी ठेवून पुढच्या दोन चौकटींत १२० आणि ८० भरले, तर एकूण २०० न येता १२०८० येते. रक्कम बदलली की टक्केवारी मात्र जुन्याच एकुणावरून निघते. स्क्रिप्टमध्ये काय चुकले आहे?

उत्तर : तुमच्या अर्जात दोन स्वतंत्र चुका आहेत. गेटफील्ड ही चौकट शोधून देणारी आज्ञा वापरून रिकाम्या चौकटीचे मूल्य घेतले, तर शून्य नव्हे, रिकामा मजकूर हाती येतो. आणि जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे या स्क्रिप्टच्या भाषेत, अधिक चिन्हाच्या एका बाजूला मजकूर असला, की बेरीज न होता दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून १२० च्या पुढे ८० चिकटले. गंमत अशी, की तिसरीच चौकट रिकामी असती, तर पहिल्या दोन संख्यांची बेरीज आधीच होऊन उत्तर २०० दिसले असते, आणि म्हणूनच ही चूक चाचणीत सहज निसटते. वजाबाकी आणि गुणाकारात रिकामा मजकूर शून्य धरला जातो, त्यामुळे तिथे ती दिसतही नाही. प्रत्येक मूल्य बेरजेपूर्वी 'नंबर' या मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनमधून काढून घ्या.

दुसरी चूक स्क्रिप्टमध्ये नाही, क्रमात आहे. कोणतीही चौकट बदलली, की अ‍ॅक्रोबॅट सर्व गणिती चौकटी एका ठरलेल्या क्रमाने एकदा मोजतो. तुमच्या अर्जात टक्केवारीचा क्रम एकूणच्या आधी लागलेला दिसतो, त्यामुळे ती मोजताना एकूण अजून जुनेच असते. अर्ज संपादित करताना 'सेट फील्ड कॅल्क्युलेशन ऑर्डर' या पर्यायात एकूण वर न्या. टॅब दाबल्यावर कर्सर ज्या क्रमाने फिरतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. पुष्कळ जण नेमका तोच क्रम बदलत बसतात.

टक्केवारीच्या स्क्रिप्टमध्ये भागाकारापूर्वी एकूण शून्य आहे का, ते तपासा आणि तसे असल्यास इव्हेंट.व्हॅल्यू, म्हणजे त्या चौकटीत जाणारे उत्तर, रिकामी ठेवा; एरवी कोऱ्या अर्जातही मूल्य चौकटीच्या स्वरूपात बसत नसल्याची सूचना येत राहील. मोबाइलवरील अनेक पीडीएफ वाचक अशा स्क्रिप्ट चालवतच नाहीत, तेव्हा आलेल्या अर्जातील बेरीज स्वतः पुन्हा करून पाहावी.