वाचकांचे प्रश्न : बंदुकांवरील कराचे विधेयक आणि मतदानाचा हक्क नसलेला बंदूकमालक

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो, ग्रीन कार्डधारक आहे आणि नेमबाजीच्या छंदापायी रीतसर घेतलेली दोन पिस्तुले माझ्याकडे आहेत. आमच्या राज्याच्या विधिमंडळात बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर लावणारे विधेयक आले आहे. असेच एक विधेयक पूर्वी बारगळले होते, त्यामुळे क्लबमधली मंडळी ‘याचेही तेच होणार’ म्हणून निर्धास्त आहेत. मला तर मतदानाचाही हक्क नाही. मग मी पाठपुरावा करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ निश्चित आहे, क्लबमधल्या मंडळींच्या निर्धास्तपणाला मात्र आधार नाही. कॅलिफोर्नियात नवा कर लावायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात आणि तेवढी न मिळाल्याने तिथेही बंदुकांवरील कराचे आधीचे प्रयत्न फसले होते. तरीही ‘एबी २८’ हे विधेयक २०२३ मध्ये मंजूर झाले, राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ जुलै २०२४ पासून ११ टक्के कर लागू झाला. बारगळलेले विधेयक पुढच्या अधिवेशनात नवा क्रमांक घेऊन परत येऊ शकते.

मताच्या हक्काविषयी कोलोरॅडोचे उदाहरण पाहावे. तिथे मतदारांच्या संमतीशिवाय नवा कर लावता येत नाही, म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘प्रपोझिशन केके’ हा बंदुका-काडतुसांवरील कराचा प्रस्ताव मतदानाला आला आणि संमत झाला. पण मतदारांच्या हाती फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच होते. मूळ मसुद्यातला ११ टक्के दर ६.५ टक्क्यांवर उतरला तो त्याआधी, विधिमंडळात. आणि त्या टप्प्यावर बोलण्यासाठी मतदार असण्याची गरज नसते. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहायला किंवा समितीच्या सुनावणीत म्हणणे मांडायला ग्रीन कार्ड आड येत नाही. (जाता जाता : मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा अर्ज कोणी उत्साहाने पुढे केला, तरी त्यावर सही करू नका, नागरिक नसताना ती नोंदणी इमिग्रेशनच्या दृष्टीने फार महागात पडू शकते.)

विधेयकाचा मसुदा स्वतः वाचा आणि सर्वप्रथम कर कोणाकडून वसूल होणार ते पाहा. पिस्तुलांवर १० टक्के आणि लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर ११ टक्के असा संघराज्याचा कर पूर्वीपासून आहेच. तो उत्पादक किंवा आयातदार भरतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळतो. कॅलिफोर्नियाचा कर त्याशिवाय आहे आणि तो किरकोळ विक्रेत्यावर बसतो. विक्रेत्याने तो ग्राहकावर ढकलला, तर ६०० डॉलरच्या पिस्तुलामागे ६६ डॉलर वाढतात.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे सवलती, आणि माझ्या मते खरी घासाघीस तिथेच होते. कॅलिफोर्नियात तिमाहीला ५,००० डॉलरपेक्षा कमी विक्री करणाऱ्या विक्रेत्याला आणि पोलीस अधिकाऱ्यांना केलेल्या विक्रीला सूट आहे. तुमच्या राज्याच्या मसुद्यात अशी मर्यादा आहे का, असल्यास किती, हे पाहावे.

‘न्यायालयच हा कर रद्द करील’ या भरवशावर राहू नये. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कुक काउंटीचा असा कर अवैध ठरवला, तो बव्हंशी कराचा पैसा बंदुकीच्या हिंसाचाराशी पुरेसा जोडलेला नसल्यामुळे. उलट सिॲटल शहराचा कर वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वैध मानला. म्हणूनच जमा होणारा पैसा कोणत्या निधीत जाणार हे कलमही बारकाईने वाचावे.

पत्र लिहिताना केवळ ‘हा आमच्या हक्कांवर घाला आहे’ असे लिहिले, तर ते पत्र विरोधाच्या आकड्यात मोजले जाते आणि तिथेच राहते. त्याऐवजी विधेयकाचा क्रमांक आणि कलम देऊन नेमकी दुरुस्ती मागावी. उदाहरणार्थ, ‘क्लबच्या रेंजवर विकत घेऊन तिथेच वापरल्या जाणाऱ्या काडतुसांना या करातून वगळावे.’ असे पत्र आधी समितीच्या सदस्यांकडे जायला हवे आणि तेही सुनावणीच्या आधी पोहोचायला हवे. सुनावणीची सूचना पुष्कळदा थोडेच दिवस आधी निघते, म्हणून विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्या विधेयकासाठी ई-मेल सूचना आजच सुरू करून ठेवावी.