कारागिराचं लक्ष कुठे असतं ते आधी बघ

लेका,

तू बनवलेला संगणकावरचा दुष्काळाचा खेळ दोन्ही बाजूंनी खेळून पाहिला. सेटिंगमधलं बटण आधी 'वास्तव'वर लावून, मग 'सोपं'वर लावून. १९७२ चा दुष्काळ, मंगळवेढ्याकडचं गाव, आटलेली विहीर, खडी फोडायची कामं, रेशनवरची लाल मिलो ज्वारी. हे सगळं तू मनापासून उभं केलंयस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचंय ते त्या बटणाबद्दल. एक मित्र म्हणाला, दोर वळायला चौदा क्लिक लागतात, जीव जातो. दुसरा म्हणाला, एका क्लिकमध्ये दोर मिळाला तर दुष्काळ कसला? मग तू दोघांचीही समजूत काढायला बटण टाकलंस आणि आता मला विचारतोयस, खरं वास्तववादी कोणतं. दोन्ही नाहीत. बटण काढून टाक. ठरवायचं काम तुझं आहे, ते खेळाडूवर ढकलू नकोस.

मी एकच गोष्ट धरून बसलोय आणि मरेपर्यंत धरून बसणार आहे. काम करणाऱ्या माणसाचं लक्ष ज्या क्षणी कामावर खिळलेलं असतं, त्याच क्षणी खेळाडूला थांबव. बाकीचं बिनदिक्कत काप.

तू सोलापूरच्या पूर्वभागातला, विणकरांच्या वस्तीतला. घरात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला हे मी सांगावं का? पण सांगतो, कारण घरातलंच माणसाला दिसत नाही. विणकर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याकडे बघत बसतो का? धोटा आपला जातो-येतो. विणकराचे डोळे ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर असतात. एक तार तुटली आणि माग तसाच चालू राहिला, तर दोष चादरीत वीतभर, हातभर उतरत जातो. म्हणून तार तुटली की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की त्याला आवाजावरूनच कळतं. मागावर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डचं एकेक कार्ड एकेका आडव्या धाग्याचं, क्रम चुकला की नक्षी फिसकटली. त्यामुळे कार्डं लावताना सगळं लक्ष तिथे. एकदा लावली की दिवसभर त्यांच्याकडे कोण वर मान करून बघतंय? आता कुणी वास्तवाच्या नावाखाली खेळाडूला प्रत्येक वेळी धोटा हाताने फेकायला लावला, तर त्याने विणकराचं काम दाखवलंच नाही, मागाचं काम खेळाडूच्या बोकांडी बसवलं.

तुझ्या दोराचं नेमकं हेच झालंय. बांधावरची घायपात तोडायला तीन क्लिक, सोलायला चार, वळायला सहा, आणि भिजत घालायला एक. त्या एका क्लिकला पाणी किती लागतं? मी मुद्दाम पाहिलं. शून्य! अरे बाबा, दुष्काळाचा खेळ आहे ना हा? वाख, म्हणजे पानातला तंतू, काढायचा तर पानं पाण्यात कुजवावी लागतात, दिवसच्या दिवस. त्या पाण्याला असा वास सुटतो की ते माणसाला चालत नाही आणि जनावरंही तोंड लावत नाहीत. म्हणजे विहिरीत तळाशी चार घागरी उरल्यात, बैल तहानलेत, आणि विहिरीतून पाणी काढायचा दोर झिजलाय. पाणी दोरासाठी घालवायचं की बैलांसाठी राखायचं? तिथे माणसाची झोप उडते. चौदा क्लिकांत तू नेमकी तीच जागा फुकट देऊन टाकलीस.

मग पानं बाहेर कधी काढायची हा दुसरा प्रश्न. लवकर काढली तर गर सुटत नाही, तंतू चिकटून राहतात. जास्त दिवस ठेवली तर वाखच कुजतो आणि दोराला जोर राहत नाही. कसबी माणूस पान बाहेर काढून अंगठ्याने दाबून बघतो. ते दाबून बघणं खेळाडूला करू दे. तोडणं, बडवणं, धुणं, वाळवणं एका दमात होऊ दे, कुणाचं काही बिघडत नाही. वळताना फक्त इतकं विचार की दोर कशासाठी हवा: दाव्यासाठी, कासऱ्यासाठी की विहिरीसाठी. त्यावर किती पदरी वळायचा ते ठरेल. पीळ द्यायला क्लिक नको. वळणाऱ्याचे हात तो पीळ गप्पा मारत देतात.

मोठ्या खेळांकडेही याच नजरेने बघ. 'माइनक्राफ्ट'मध्ये चार दोऱ्यांचा लोकरीचा एक ठोकळा होतो. तुझ्या आजीला सांग, सुतापासून लोकर बनते म्हणून! धडधडीत उलटं आहे. पण आजवर ते कुणाला खटकलं नाही, कारण तिथे माणसाचा जीव अडकलेला असतो तो अंधार पडायच्या आत बिछाना होतो की नाही यात. तीन लोकर, तीन फळ्या, बिछाना तयार, रात्र टळली. विणकाम त्या खेळाचा विषयच नाही, म्हणून ते कापलं आणि बरोबर कापलं. 'व्हिंटेज स्टोरी'त मात्र ऐरणीवरचं लोखंड थंड होत जातं, पुन्हा भट्टीत घालावं लागतं. लोहाराचं लक्ष तापावर असतं, म्हणून ती पायरी ठेवली आणि तीही बरोबरच. 'व्हॅल्हाइम'मध्ये लोखंड नेहमीच्या पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दूर पोचवणाऱ्या दारातून, नेताच येत नाही, गाड्यावर लादा, होडीत घाला आणि घरापर्यंत वाहून न्या. धातू गाळणं सोपं ठेवलंय, वाहणं अवघड. त्या खेळाला काय म्हणायचंय ते तेवढ्यावरून कळतं. तुझ्या खेळाला काय म्हणायचंय? पाणी. मग पाण्याच्या वाटेत नसलेली प्रत्येक पायरी तुझी वैरी आहे.

आता एक गोष्ट मी रागाने सांगणार आहे. 'वास्तव' या शब्दाच्या आडून सगळ्यात मोठी लबाडी होते ती वेळेची. मी पुण्यात खेळ बनवणाऱ्या एका कंपनीत होतो, तेव्हा त्यांच्या खेळातली लोहाराची भट्टी माझ्याकडे होती. लोखंडाचा रंग बघून घाव कधी घालायचा हे खेळाडू हळूहळू शिकायचा, त्याला आकडा कुठेच दिसायचा नाही. वरून हुकूम आला की रंग वगैरे राहू दे, आठ तासांचं घड्याळ लावा, घाई असेल त्याने पैसे भरावेत. कारण काय दिलं? खऱ्या आयुष्यातही लोखंडाला वेळ लागतोच की! अरे, लागतो ना. पण त्या वेळात लोहार भट्टीपाशी असतो. 'द लाँग डार्क'मध्ये कातडं वाळायला कित्येक दिवस लागतात, पण त्या दिवसांत तुला खायला शोधावं लागतं, सरपण जाळावं लागतं, थंडी सोसावी लागते. तो वेळ अंगावर येतो. कंपनीतलं घड्याळ नुसतं टांगून ठेवलेलं होतं.

मी राजीनामा दिला आणि सोलापूरला आलो. लोक अजून म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी चांगली नोकरी सोडली. एवढीशी नव्हती. जो वेळ खेळाडू कशावर तरी जीव लावून घालवतो आणि जो त्याच्याकडून नुसता काढून घेतला जातो, त्यातला फरक ज्यांना दिसत नव्हता त्यांच्याशी मी आणखी किती वाद घालायचा होता? खंत आहे ती भट्टीची. ती तिथेच राहिली आणि घड्याळ लावून लोकांपुढे गेली. तुझ्या खेळाच्या वाट्याला तसं येऊ नये, म्हणून इतका टोचून बोलतोय.

पेवाचंही, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या कोठाराचंही, बोलून घेतो, तिथे तू उलटी गल्लत केलीस. पेव उघडलं की ज्वारी थेट पोत्यात! तिथे सगळं कापलंस आणि कापायला नको होतं तेच कापलंस. बंद पेवात दाण्यांच्या श्वासानेच हवा विषारी होते, जीव जातो. म्हणून झाकण काढून वाट बघायची, कंदील खाली सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. घरात पोरं उपाशी, ज्वारी डोळ्यांसमोर, आणि कंदील विझलाय. ही एक पायरी तुझ्या चौदा क्लिकांच्या तोडीची आहे, आणि तिला लागतात दोनच क्लिक.

रविवारी ये. दोर आणि पेव नव्याने करून आण, चित्रं कच्ची असली तरी चालतील. भिजवण्याला पाण्याचा हिशेब जोड आणि तो बैलांच्या पाण्यातूनच जाऊ दे, वेगळा साठा ठेवू नकोस. त्याआधी एक दिवस वडिलांच्या मागाशेजारी वही घेऊन उभा राहा आणि ते कशाकडे बघतात तेवढंच लिही; हात काय करतात ते लिहू नकोस. बटण ठेवूनच आलास तरी चहा मिळेल, पण वाद ठरलेला आहे.