बंगाल मांजरी नव्या घरात रुळताना

प्रश्न : आमच्या स्नेह्यांना कायमचे परदेशी जावे लागल्यामुळे त्यांची अडीच वर्षांची, नसबंदी झालेली बंगाल मांजरी आम्ही दत्तक घेतली. तिला घरी येऊन आठवडा झाला. दिवसभर ती पलंगाखाली बसून असते, हात पुढे केला की फिस्कारते आणि रात्री मात्र कपाटांवर उड्या मारत मोठ्याने ओरडते. दोन वेळा तिने गादीवर लघवी केली. घरात आमचा सहा वर्षांचा देशी बोका आहे आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. ही जात जंगली मांजरापासून तयार केलेली असल्यामुळे ती कधीच माणसाळणार नाही, असे सासूबाईंचे ठाम मत झाले आहे. त्यातच गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत. तिला परत पाठवण्याखेरीज काही मार्ग आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : परत पाठवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. लपणे आणि फिस्कारणे ही घर बदललेल्या कोणत्याही प्रौढ मांजराची नेहमीची वागणूक आहे आणि तिच्यासाठी जंगली रक्ताची गरज नसते. सोसायटीच्या आवारात वाढलेली साधी देशी मांजरीसुद्धा अनोळखी घरात आणून सोडली, तर पहिले काही दिवस अशीच काढते.

सासूबाईंची शंका मात्र अगदीच निराधार नाही, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. आशियाभर आणि आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या बिबट मांजराचा पाळीव मांजराशी संकर करून ही जात तयार झाली. अमेरिकेतील जीन मिल यांनी हा प्रयोग १९६३ मध्ये केला आणि १९८० च्या दशकात, रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी जन्माला घातलेल्या काही संकरित मांजरी मिळाल्यावर, तो पुन्हा हाती घेतला. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात वावरणारा एक ठिपकेदार पाळीव बोकाही त्यांनी या वंशात आणला, त्यामुळे या अमेरिकी जातीत थोडा दिल्लीकरही आहे. पुढे पाळीव मांजरांशी संकर होत गेले आणि वन्य अंश दर पिढीला निम्मा होत गेला. चौथ्या पिढीत तो कागदावरच्या हिशेबाने सुमारे सहा टक्के उरतो. घरात पाळण्यासाठी दिली जाणारी बंगाल मांजरे सहसा याहूनही पुढच्या पिढ्यांतली असतात. आपल्याकडे तर ‘बंगाल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक मांजरांची वंशावळ कोणी लिहून ठेवलेलीच नसते.

या जातीकडून तिला खरोखर मिळाले आहे ते म्हणजे अफाट चपळाई, उंचावर बसण्याची ओढ, मोठा आवाज, पाण्याचे आकर्षण आणि काम नसेल तर उपद्व्याप शोधणारी बुद्धी. रात्रीच्या उड्यांचे कारण तिथे सापडेल, पण पलंगाखाली बसण्याचे कारण निव्वळ भीती आहे. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. बहुतेक कुटुंबे त्यांची गल्लत करतात आणि घाबरलेल्या मांजराला खेळायला ओढून बाहेर काढतात.

भीतीचा उपाय आधी करावा. तिला संपूर्ण घर एकदम न देता एकच खोली द्यावी, जिचे दार बंद राहील आणि जिच्यातून घरातल्या सर्वांची सतत ये-जा नसेल. त्या खोलीत एका कोपऱ्यात खाणे-पाणी, त्यापासून शक्य तितक्या दूर लिटरचा (शी-शूसाठी वापरायच्या वाळूचा) ट्रे, आणि लपण्यासाठी आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका असावा. पलंगाखालची जागा हळूहळू बंद करून तिला त्या खोक्याची सवय लावता येते. लपण्याची जागा पूर्णपणे काढून घेणे मात्र चुकीचे ठरेल. तिला ज्या पिंजऱ्यातून आणले तो दार उघडे ठेवून तिथेच राहू द्यावा, म्हणजे पुढे डॉक्टरांकडे नेताना झटापट होणार नाही. तिच्या जुन्या घरातली चादर किंवा न धुतलेला टॉवेल स्नेह्यांकडून मिळत असेल तर अवश्य मागून घ्यावा, कारण ओळखीचा वास मांजराला जितका धीर देतो तितका आपला कोणताही लाड देत नाही. खाणे आणि लिटर या दोन्ही गोष्टी सध्या जुन्या घरातल्याच ठेवाव्यात. खाणे बदलायचे असेल तर ते पुढे सात ते दहा दिवसांत, थोडे थोडे मिसळत बदलावे.

घरातल्या एका व्यक्तीने दिवसातून तीन-चार वेळा त्या खोलीत जाऊन जमिनीवर बसावे आणि काहीही करू नये. पुस्तक वाचावे, फोनवर हळू बोलावे. तिच्याकडे रोखून पाहू नये, नजर गेलीच तर डोळे सावकाश मिटून उघडावेत, कारण मांजरांच्या व्यवहारात रोखलेली नजर ही धमकी असते. ती जवळ आली तर बोट पुढे करून तिला हुंगू द्यावे आणि तिने स्वतः गाल घासला तरच हनुवटीखाली खाजवावे. तुमच्या मुलीला हे नियम समजतील. ‘तिने बोलावल्याशिवाय आपण जायचे नाही’ एवढे एकच वाक्य तिला सांगितले तरी पुरेसे आहे.

गादीवरच्या लघवीला मात्र वागणुकीचा प्रश्न समजण्याआधी पशुवैद्यकाकडून लघवीची तपासणी करून घ्यावी. घर बदलण्याच्या ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते आणि अशा वेळी वेदनेमुळे ते मऊ जागा शोधते. ट्रेमध्ये बसून वारंवार जोर लावणे, थेंब थेंब लघवी होणे किंवा तीत रक्त दिसणे ही त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची कारणे आहेत. बोक्याच्या बाबतीत तर लघवी अडकणे ही तासांच्या हिशेबात जीव घेणारी अवस्था असते, हे तुमच्या देशी बोक्यासाठी लक्षात ठेवावे. सलग एक दिवस तिने काहीच खाल्ले नाही तरी फोन करावा, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ती अवस्था घरगुती उपायांनी सुटत नाही.

तपासणीत काही निघाले नाही, तर ट्रेकडे वळावे. दोन मांजरांसाठी तीन ट्रे असावेत आणि ते एकाच ठिकाणी ओळीने नसावेत. बंगाल मांजरी पुष्कळदा उभ्यानेच लघवी करतात, म्हणून बाजारातल्या उथळ ट्रेऐवजी उंच कडांचा मोठा प्लॅस्टिकचा टब, एका बाजूने कापून, वापरणे सोयीचे पडते. डाग पडलेली गादी वास मुळापासून काढणाऱ्या एन्झाइमयुक्त द्रावणाने स्वच्छ करावी. आपल्या घरांतले फिनेल इथे वापरू नये. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पाय चाटताना ती थेट पोटात जातात. कपाटांवर चढणारी मांजरी असल्यामुळे कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्याही आताच काढून टाकाव्यात.

आता रात्रीचा गोंधळ. ती दिवसभर लपून असल्यामुळे तिचा सगळा जोम रात्री बाहेर पडतो आणि ओरडण्यावर कोणी उठून गेले की तिला ओरडण्याचे फळ मिळते. संध्याकाळी आणि निजण्यापूर्वी, त्याच खोलीत, काठीला दोरी व पिसे बांधलेल्या खेळण्याने दहा-पंधरा मिनिटे खेळावे, शेवटी ते तिला पकडू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे. पाठलाग, झडप, खाणे, अंग चाटणे आणि झोप असा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. आपण तो आपल्या वेळेला बांधून घ्यायचा असतो. भिंतीवर दोन-तीन मजबूत फळ्या टप्प्याटप्प्याने बसवल्या, तर कपाटाऐवजी तिला स्वतःची उंची मिळेल. लेझरचा ठिपका वापरू नये, कारण त्यात हाती काहीच लागत नाही आणि चपळ मांजर त्याने अधिक बेचैन होते.

बोक्याची भेट घाईने घडवू नये. आधी तिचे लसीकरण आणि ल्युकेमिया व एफआयव्ही या, मांजराची प्रतिकारशक्ती खालावणाऱ्या विषाणूंची चाचणी झाली आहे का ते पाहावे. त्यानंतर दोघांचे टॉवेल अदलाबदल करावेत, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण द्यावे, आणि दोघेही शांतपणे खाऊ लागल्यावरच दार बोटभर उघडावे. यात तीन आठवडेही लागतील, दोन महिनेही लागतील. तुमचा बोका त्या घराचा जुना रहिवासी आहे, तेव्हा त्याच्या जागा, त्याच्या वेळा आणि त्याचा लाड कमी होणार नाही याची काळजी घ्यावी.

गणपतीच्या दिवसांत तिने खोलीबाहेर यावे अशी अपेक्षाच ठेवू नये. पाहुण्यांना ‘नवे मांजर’ दाखवण्याचा मोह आवरावा, खोलीच्या दारावर चिठ्ठी लावावी, आणि ढोल-ताशांच्या वेळी खिडकी बंद करून पंखा चालू ठेवावा. आरतीचा कापूर तिच्या आवाक्यात राहू देऊ नये. भेट म्हणून येणाऱ्या पुष्पगुच्छांत लिली असेल तर तो घरातच ठेवू नये, कारण लिलीचे परागकण चाटण्यात आले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बाल्कनीला नायलॉनची कबुतरजाळी असेल तर तिच्यावर विसंबू नये. ती कबुतरांना अडवण्यासाठी असते, अंगाचा भार टाकून चढणाऱ्या बंगाल मांजरीला नाही. तिथे धातूची जाळी बसवून घ्यावी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. दत्तक घेतलेल्या बंगाल बोक्याला दूध-पोळी चालेल का? त्याला सारखे जुलाबही होतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर : दूध-पोळी चालणार नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल आणि तयार स्वरूपातील अ जीवनसत्त्व मांजराला प्राणिज अन्नातूनच मिळावे लागते, आणि टॉरिन कमी पडले तर त्याची दृष्टी व हृदय दोन्ही बिघडतात. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे जुलाबांचे निम्मे कारण कदाचित त्या वाटीतच असेल. घरात मांस शिजवायचे नसेल तर चांगल्या प्रतीचे कोरडे व पाकीटबंद ओले खाद्य द्यावे, त्यात सगळे घटक असतात. तुमच्या तत्त्वाचा मी आदर करतो, पण ते बोक्यावर लादता येणार नाही. दूध थांबवूनही जुलाब राहिले तर ट्रायट्रायकोमोनास या परजीवीसाठी विष्ठेची वेगळी चाचणी मागावी. अनेक मांजरे एकत्र ठेवलेल्या ठिकाणांहून आलेल्या बंगाल मांजरांत हा परजीवी आढळतो आणि नेहमीच्या जंताच्या औषधाने तो जात नाही.

प्रश्न : ऊसतोडीच्या वेळी आमच्या शेतात ठिपकेदार मांजराची दोन पिल्ले सापडली. बंगाल मांजरासारखीच दिसतात. ती पाळता येतील का?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : नाही. तुमच्या भागातल्या उसात अशी पिल्ले बहुधा वाघाटीची असतात. जगातील सर्वांत लहान वन्य मांजरांपैकी ही एक. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्यामुळे पिल्ले घरी ठेवणे हा गुन्हा ठरतो. त्यांना दूध पाजू नये, धुऊ नये, फोटोसाठी हाताळू नये. ती सापडली ती जागा खुणेने लक्षात ठेवून तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनकर्मचारी पिल्ले त्याच जागी सुरक्षित ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्री येऊन ती उचलून नेते. म्हणून संध्याकाळपासून त्या बांधावर माणसे आणि कुत्री फिरकणार नाहीत एवढे तुम्ही पाहावे.